सबनीसकाकांचा साखरेचा चमचा

"कोपरापर्यंत! अरे, हात कोपरापर्यंत धू!" काका आतून ओरडले.

मी सबनीसकाकांच्या शेडच्या दारात उभा. त्यांचं कुंपणाची झुडपं छाटायचं हेज-ट्रिमर परत करायला आलेला निरुपद्रवी शेजारी. आत काही कुणाचं पोट फाडून ठेवलेलं नव्हतं. एक प्लास्टिकची बादली होती आणि तिच्यातली घरची बिअर आज बाटल्यांत भरायची होती. पण नॉटिंगहॅमच्या ऑपरेशन थिएटरांत काकांनी तीस वर्षं लोकांना भूल देऊन झोपवलेलं, त्यामुळे रिटायर झाल्यावर ते बादलीलाही 'पेशंट'च म्हणत. "पेशंट स्टेबल आहे," असं फोनवर सांगत, आणि नवखा माणूस फुलं घेऊन हजर होई.

काकू गेल्या तेव्हा काकांनी बिअर करणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. जणू बिअर गुडघ्यांनी ढवळतात. आठ वर्षांनी यंदा मार्चमध्ये त्यांनी लॉफ्टमधून बादली, नळ्या, बाटल्या उतरवल्या आणि आमच्या रस्त्याला ग्रहण लागलं. बाटल्या स्टरलाइज, बुचं स्टरलाइज, दाराची कडी स्टरलाइज. एक मांजर आत डोकावलं, तेही हात धुऊनच बाहेर पडलं असणार.

एवढं करून पहिली खेप निघाली डबक्यासारखी निपचित. दुसरी जूनमध्ये शेडमध्येच फुटली, एकामागून एक अठ्ठावीस बाटल्या. मी कचऱ्याच्या व्हीली बिनमागे आडवा झालो. बुचं इतकी उंच उडाली की विमानं वळवावी लागली, असं मी अजूनही शपथेवर सांगतो.

घोळ साखरेचा होता. बूच ठोकण्याआधी प्रत्येक बाटलीत जराशी साखर सोडतात. कमी पडली तर फेस नाही, जास्त झाली तर युद्ध. आणि साखर हे काकूंचं काम. त्या स्टुलावर बसून चमचा चमचा सोडायच्या, काका बुचं ठोकायचे.

"पण चमचा कुठला?" मी विचारलं.

पेशंटचं वजन बघून औषधाचा थेंब न् थेंब मोजणारा तो माणूस चष्मा पुसत राहिला. "विचारलं नाही कधी. समोरच तर बसायची."

ड्रॉवरमधले सगळे चमचे वापरून झाले होते. औषधाचा झाला, देवघरातली पळीसुद्धा झाली. "पूर्वीसारखी एकदा जमू दे," काका म्हणायचे. "एकदाच. मग बादली कौन्सिलच्या टिपवर, कचऱ्यात." आज तिसरी खेप होती, आणि टेबलावर पुन्हा तेच चमचे ओळीनं मांडलेले.

मला राहवलं नाही. "काका, खरं सांगू? तुमच्या पूर्वीच्या बिअरला हिंगाचा वास यायचा. आम्ही सगळे पाठीमागे हसायचो."

काका हसले नाहीत. तडक स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग.

फ्रिजवर काकूंचा मिसळणाचा डबा होता. आठ वर्षं काका सुपरमार्केटची तयार जेवणं ओव्हनमध्ये घालून खात आले. फोडणी केली की स्मोक अलार्म वाजतो म्हणे. डब्याला कुणी हात लावला नव्हता. झाकण निघता निघेना. निघालं तेव्हा आत मोहरी होती, दगड झालेली हळद होती, आणि हिंगाच्या वाटीत रुतलेला एक इवलासा स्टीलचा चमचा.

म्हणजे इकडे काका दाराची कडी उकळत्या पाण्यानं धूत असताना काकू त्यांच्या डोळ्यांदेखत हा चमचा पदराला पुसून साखरेत घालत होत्या.

काकांनी तो अलगद उपसला. शेडमध्ये परतलो. मी गुपचूप पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत, आणि स्टरलाइजरचं भांडं पुढे केलं. काकांनी चमचा शर्टाच्या टोकाला पुसला आणि साखरेत घातला.

"काका, स्टरलाइज करायचा ना?"

"नको," ते म्हणाले.