अळणी दर्याची मोहीम

हकीकत ऐसी जे, पृथ्वीवर समुद्र सात, हे शाळेत शिकविले ते अपुरे. आठवा समुद्र चष्मेवाले सरकार यांचे दिवाणखान्यात, सोफ्याचे उजवे अंगास, काचेचे पेटीत नांदत होता, आणि त्याचे राखणेकरिता जे रण माजले ते येथे तिळभरच वाढवोन लिहिले असे. तीळ कोणता, हे ऐकणारांनी विचारू नये.

त्या दर्यात केशरी पट्ट्यांचे मासे दोन, नवराबायको. काच चाटणाऱ्या गोगलगाईंची पलटण. आणि मध्ये खडकाचे गडावर हिरवे प्रवाळ, जे सरकारांनी बोटाएवढे आणिले आणि पोटचे लेकरासारखे जपोन तळहाताएवढे केले होते. ते प्रवाळ एके दिवशी मिटले ते उघडेना. तेव्हा बाईसाहेब, म्हणजे सरकारांचे कुटुंब, यांणी मसलत न करिता फर्मान काढिले की शुक्रवारी सुतार कपाटाचे माप घेण्यास येणार. तोवर हे उघडले तर ठीक, न उघडे तर पेटी हलेल आणि तेथे कपाट उभे राहील. सरकारांचे तोंडचे पाणी पळाले. दर्यातले तेवढे जागेवर राहिले.

मग सरकारांनी बाटलीभर पाणी माशांचे दुकानी पोचते केले आणि आपण चष्मे घासावयास गेले. दुकानाचे मालक, लोक ज्यांस खारेबुवा म्हणत, त्यांणी थेंब टाकोन, रंग पाहोन निदान काढिले आणि सरकारांचे घरी फोन लाविला. तो उचलिला मातोश्रींनी, म्हणजे बाईसाहेबांचे आईंनी, आणि ऐन तेसमयी मुदपाकखान्यात मिक्सरची तोफ चालू होती.

"आजी, त्यांना सांगा, पाणी अल्कलीला कमी पडतंय. हळूहळू वाढवा म्हणावं."

अल्कली म्हणजे प्रवाळ ज्यावर आपली हाडे बांधते ती रसद. मातोश्रींचे कानी मात्र पोहोचले ते 'अळणी'. समुद्र आणि अळणी, आणि तोही आपले घरी, ही नामुष्की सोसवेना. मग ज्या हाताचे मीठ आयुष्यात चुकले नाही त्या हाताने किलोचा पुडा फोडिला, सगळा दर्यात रिता केला आणि वरोन पळीने ढवळिला.

पुढे जो हाहाकार जाहला तो काय वर्णावा. नवराबायको मासे भांडण विसरोन एकाच कपारीत दडले, पलटण काच सोडोन उताणी पडली, आणि प्रवाळाने उरलेसुरले अंगही चोरोन घेतले. सांजेस सरकार आले तो क्षारमापकाचा काटा पार शेवटास टेकलेला, आणि केराचे डब्यात मिठाचा रिता पुडा.

"आई, यात मीठ कुणी घातलं?"

"मी. अळणी होतं ना. दुकानवाल्याचाच फोन होता, जावईबापू. तुम्हाला कुठे सवड, म्हणून मीच उरकलं."

सरकारांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा लाविला, काटा तेथेच. मग खारेबुवांस फोन गेला. बुवा आधी हसले, आणि मग हुकूम आला: "मगानं खारं पाणी काढा, मगानं गाळलेलं गोडं घाला. घाई केलीत तर मासे जातील. मीठ ठिकाणावर आलं की अल्कलीसाठी खायचा सोडा, विरघळवून, थेंब थेंब."

मग खासा स्वारी बाह्या सारोन, गुडघ्याखाली उशी घेवोन फरशीवर उतरली, आणि मगामागे मग, बादलीमागे बादली ऐसे करिता करिता काटा नरम आला, मासे कपारीतून डोकावले, परंतु प्रवाळ मिटलेलेच. सोडा मागितला तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "सोडा कशाला? माशांना पित्त झालंय का?" आणि डबा दिला, परंतु स्वतः दर्याकाठी स्टूल टाकोन बसल्या त्या उठेनात. चहा निवोन गेला. मग हळूच विचारिले, "माझ्यामुळं तर नाही ना हो?"

पलीकडे बाईसाहेब कपड्यांच्या घड्या घालीत होत्या. सरकारांचे तोंडून खरा एक शब्द निघता, तर दोष मातोश्रींचे माथी जाता, पेटीस मुदत मिळती आणि मातोश्रींचा मुदपाकखाना खालसा होता. सरकारांनी प्रवाळाकडे पाहिले, मातोश्रींकडे पाहिले, आणि म्हणाले, "छे हो आई, पाणीच जरा बिनसलंय."

आणि शुक्रवारी सुतार आले. कानावर पेन्सिल, हाती टेप. ती काचेस लाविली आणि थबकले.

"ताई, हे आत काय फुलतंय?"

प्रवाळ एकेक बोट बाहेर काढीत होते, जैसे कोणी झोपेतून उठोन आळस द्यावा. बाईसाहेब वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि फर्मान फिरविले की कपाट आतले खोलीत बसवावे. तो मातोश्री छाती काढोन बोलिल्या, "बघ, मीठ लागू पडलं."

"कसलं मीठ?"

सरकारांनी सोड्याचा चमचा पाठीमागे लपविला आणि म्हणाले, "आईंनी घातलं थोडं. हात बरोबर पडला."

येणेप्रमाणे कधी अळणी न जाहलेला दर्या ताळ्यावर आला, प्रवाळाचा गड राखिला, आणि फत्ते मातोश्रींचे नावे दफ्तरी रुजू जाहली. घरातील मिठाचे पुडे त्याच सांजेस माळ्यावर रवाना जाहले, आणि शिडी सरकारांनी चष्म्यांचे दुकानी नेवोन ठेविली.