साळिंदररावांची जीप आणि तिचं नवं डोकं

एका जंगलात, म्हणजे आपल्या आजूबाजूला असतं तसल्याच जंगलात, एक जुनी जीप राहत होती. राहतच होती म्हणायचं, मुलांनो. कारण ती चालायची थोडी आणि उभी राहायची फार.

जीप होती साळिंदररावांची. साळिंदर म्हणजे तो अंगभर काटे असलेला प्राणी. चित्रात बघितला असेल तुम्ही. साळिंदरराव त्या जीपमध्ये कंदमुळं भरून नदीच्या घाटावर बाजाराला न्यायचे. धंदा बरा होता. स्वभावही बरा होता. पण काटे असल्यामुळे त्यांच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारायला कुणी जात नसे.

तरी रोज सकाळी त्यांच्या दारात गर्दी असायची. कारण जीप किल्लीने चालू व्हायची नाही. तिला ढकलावं लागायचं.

साळिंदररावांचं घर खोलगट जागी, रस्ता वर. मधे चढ. सकाळ झाली की हत्तीभाऊ यायचे. वानरतात्या झाडावरून उतरायचे. समोरच्या बिळातल्या कोल्हीणबाई तोंडात कडुलिंबाची काडी धरून यायच्या. हत्तीभाऊंनी मनात आणलं असतं तर एका ढुशीत जीप वर नेली असती. पण मग बाकीच्यांनी सकाळी करायचं काय?

ढकलता ढकलता सगळ्या जंगलाची खबर लागायची. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाची शेपटी ठणकतेय, कुणाचा नवरा हल्ली दुसऱ्याच पाणवठ्यावर दिसतो. वानरतात्यांचे हात गाडीवर असायचे आणि जोर जिभेवर. वर पोचली की जीप काळा धूर सोडून गुरगुरायची. सगळे खोकायचे. मग साळिंदरवहिनी उकडलेल्या रताळ्यांची परात आणायच्या. आदल्या दिवशी कोणाचं कोणाशी वाजलं असेल, तर ते रताळं सोलता सोलता मिटायचं.

साळिंदररावांना एक मुलगी. शलाका तिचं नाव. चटपटीत पोर. जीप बापापेक्षा बरी चालवायची. तिला नदीपलीकडच्या जंगलातलं एक स्थळ आलं होतं. मुलगा तिला फार आवडला होता. ‘हे जमलं नाही तर मी दुसरं बघणार नाही,’ असं तिने आईच्या कानात सांगितलं होतं. फक्त आईच्या. म्हणजे ही गोष्ट आईला आणि कोल्हीणबाईंना ठाऊक होती. आता कोल्हीणबाई कान लावून ऐकत होत्या असं म्हणू नका हं. त्यांचे कान आहेतच तसे.

एक दिवस निरोप आला. मुलाचे वडील कंटकराव घर बघायला येणार.

साळिंदररावांचे सगळे काटे उभे राहिले.

“पाहुण्यांना घाटावर सोडायला जावं लागेल,” ते म्हणाले. “त्यांच्यासमोर गाडी ढकलायची? काय म्हणतील?”

“काय म्हणतील? चार जण दारात येतात, चांगलंच दिसतं की ते,” वहिनी म्हणाल्या.

“चार जण कशाला येतात तेही दिसतं ना!”

झालं. मुंगूस मिस्त्रीला बोलावणं गेलं.

खरं तर जीपवर आधीच बरेच इलाज झाले होते. जंगलात गाडी एकाचीच असली तरी मेकॅनिक सगळेच होते. वानरतात्या म्हणाले होते बॅटरी, म्हणून बॅटरी दोनदा बदलली. हत्तीभाऊ म्हणाले होते स्टार्टर, म्हणून स्टार्टर बदलला. कोल्हीणबाई म्हणाल्या होत्या नजर, म्हणून पुढे लिंबू-मिरची बांधली होती. जीप होती तिथेच होती.

मुंगूस मिस्त्री स्टिअरिंगच्या खाली शिरला. नुसती शेपटी बाहेर. आत बराच वेळ खाटखुट चाललं. मग तो एक पत्र्याचा चपटा डबा घेऊन बाहेर आला.

“हा बघा तुमचा आजारी. गाडीचा कॉम्प्युटर.”

“एवढ्या जुन्या गाडीला कसला कॉम्प्युटर?”

“जुन्या गाडीला जुना कॉम्प्युटर. पण असतो. ह्याच्यात पाणी मुरलंय. गाडी मोकळी उभी असली तरी ह्याला वाटतं ती गिअरमध्येच आहे. म्हणून हा स्टार्टरला हलूच देत नाही. तुम्ही ढकलता तेव्हा स्टार्टर लागतच नाही, म्हणून ती चालू होते.”

“म्हणजे बॅटरी चांगली होती?”

“तिन्ही चांगल्या होत्या.”

वानरतात्या तिथेच बसले होते. त्यांना एकदम घरचं काम आठवलं.

“मग नवा डबा टाक,” साळिंदरराव म्हणाले.

“नवा येत नाही. कंपनीवाले म्हणतात, गाडीच नवी घ्या. मी भंगारातल्या गाडीचा काढून आणतो. पण तो इथे परका असणार. तुमची किल्ली ओळखणार नाही. त्याला समजावून सांगावं लागतं. बाबा रे, मागचं सगळं विसर. आता हेच तुझं घर, हीच तुझी माणसं.”

हे ऐकून वहिनींनी शलाकेकडे पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला.

मिस्त्रीने दुसरा डबा आणला, बसवला, समजावला. साळिंदररावांनी किल्ली फिरवली. जीप एका दमात चालू झाली. साळिंदररावांना इतका आनंद झाला, की त्यांनी मिस्त्रीला मिठी मारली. मिस्त्री ओरडला. काटे, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे सगळे जमले. हत्तीभाऊंनी सोंड पुढे केली. वानरतात्यांनी हातांवर थुंकून हात चोळले. तेवढ्यात साळिंदररावांनी आतून हात हलवला, किल्ली फिरवली, आणि जीप भुर्रकन चढ चढून दिसेनाशी झाली.

सगळे तसेच उभे. हात पुढे, समोर काही नाही.

“गेले,” हत्तीभाऊ म्हणाले.

“थांबलेसुद्धा नाहीत,” वानरतात्या म्हणाले.

“आता कशाला थांबतील? काम झालं ना त्यांचं,” कोल्हीणबाई म्हणाल्या आणि तोंडातली काडी टाकून दिली.

वहिनींनी परात आणली होती. पण काही न करता रताळी कशी खायची? प्रत्येकाला आपापला मान असतो. सगळे पांगले.

पुढचे दिवस बघण्यासारखे होते, मुलांनो. कोल्हीणबाईंना समोरच्या घराची एकही बातमी मिळेना. त्यांचं पोट दुखायला लागलं. हत्तीभाऊंना सकाळी भूक लागेना. वानरतात्यांनी तर नव्या डब्यावर संशोधनच केलं. “भंगारातला आहे. कुणाच्या गाडीत होता, काय ठाऊक. अशा वस्तू घरात आणू नयेत.” साळिंदरराव आता वेळेवर बाजारात पोचत. वेळेवर परत येत. आणि संध्याकाळी अंगणात एकटेच बसून चकचकीत पुसलेल्या जीपकडे बघत.

असं सगळं असताना कंटकराव आले.

आपली नवीकोरी गाडी त्यांनी नदीपलीकडे ठेवली आणि ते नावेने अलीकडे आले. मुलाकडचे लोक कसे येतात ठाऊक आहे ना? आधी घरी जात नाहीत. आधी शेजारी जातात. पत्ता विचारायला. पत्ता त्यांच्या खिशातच असतो.

कंटकरावांनी पहिल्यांदा वानरतात्यांना गाठलं.

“साळिंदरराव इथेच राहतात ना? माणसं कशी आहेत?”

“गाडी चांगली आहे,” वानरतात्या म्हणाले आणि शेपटी खाजवायला लागले.

पुढे हत्तीभाऊ भेटले.

“पूर्वी चांगले होते,” हत्तीभाऊ म्हणाले.

“आणि आता?”

“आता त्यांना वेळ नसतो.”

शेवटी कंटकराव कोल्हीणबाईंच्या बिळाशी आले. कोल्हीणबाई दारातच होत्या. त्या दारातच असतात.

“मुलीकडच्यांबद्दल जरा विचारायचं होतं.”

कोल्हीणबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. “मी कधी कुणाचं वाईट बोलत नाही हो,” त्या म्हणाल्या.

मुलांनो, एखाद्या घराबद्दल यापेक्षा वाईट बोलता येत नाही.

कंटकराव साळिंदररावांच्या ओसरीवर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. वहिनींनी खाणं पुढे केलं, त्यांनी नुसती बोटं लावली. शलाका येऊन बसली, तिला त्यांनी धड काही विचारलंही नाही. स्वतःच्या गाडीचंच सांगत बसले. “आमच्या गाडीत दारालासुद्धा वेगळा कॉम्प्युटर आहे. काचेला वेगळा. पट्टा लावला नाही तर आतून एक बाई बोलते.” मग एकदम उठले.

“बराय. आम्ही कळवतो.”

‘कळवतो’ म्हणजे काय, हे जंगलातल्या मुंगीलाही कळतं. साळिंदररावांचे काटे खाली बसले. वहिनींनी भांडी उचलायला घेतली, म्हणजे तोंड लपवता येतं. शलाका मात्र बापाच्या हातातली किल्ली घेऊन म्हणाली, “बाबा, पाहुण्यांना घाटावर मी सोडते.”

कंटकराव जीपमध्ये मागे बसले. साळिंदरराव पुढे बसले. शलाका स्टिअरिंगवर बसली. आणि बसूनच राहिली.

“चालू कर ना,” साळिंदरराव म्हणाले.

“होत नाही बाबा.”

“होत नाही म्हणजे? अगं, किल्ली फिर—”

“होत नाही,” शलाका म्हणाली आणि तिने बापाकडे असं काही पाहिलं, की बाप गप्प. किल्ली तिच्या मांडीखाली होती.

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आरोळी ठोकली. “हत्तीकाका! वानरतात्या! कोल्हीणकाकू! या हो! गाडी अडली!”

काय सांगू मुलांनो! पाचोळा उडाला. हत्तीभाऊ झाड मोडून सरळ रेषेत आले. वानरतात्या शेपटीचा पीळसुद्धा न सोडता आले. कोल्हीणबाई तर आरोळी संपायच्या आधीच आल्या. पाठोपाठ मुंगूस मिस्त्रीही धावत आला, रागाने लाल होऊन.

“अडली? शक्यच नाही! मी बसवलेला डबा आहे तो!” त्याने खिडकीतून आत तोंड घातलं. किल्ली जागेवर नाही, हे त्याला दिसलं. तो तोंड उघडणार, एवढ्यात वहिनींनी दारातून त्याच्याकडे पाहिलं.

मिस्त्रीने आवंढा गिळला. सगळी इज्जत आवंढ्याबरोबर गेली.

“जुनी गाडी आहे,” तो म्हणाला. “असं होतं.”

किल्ली कोल्हीणबाईंनाही दिसली होती. त्यांना न दिसेल असं काही जंगलात नाही. त्या शलाकेकडे बघून एवढंच म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं, नजर लागलीय. लावा रे हात!” मग मागच्या सीटकडे वळल्या. “अहो पाहुणे, बसलात काय? उतरा खाली! इथे बसून कुणी ढकलून घेत नाही!”

कंटकराव उतरले. त्यांच्या अंगावर शाल होती, ती त्यांनी कमरेला बांधली. लावला खांदा. शेजारी हत्तीभाऊ होते. त्यांच्या सोंडेत एक काटा घुसला. पण पाहुण्याचा काटा, म्हणून ते ओरडले नाहीत. नुसते त्यांचे डोळे पाणावले.

“हां, जोर लावा! आणि ऐका,” कोल्हीणबाई सुरू झाल्या, “मुलगी म्हणजे लाखात एक. मी आजारी होते तेव्हा पेज घेऊन आली होती.”

“वहिनींच्या हाताला काय चव आहे! रताळी खाऊन बघा,” वानरतात्या म्हणाले.

“साळिंदररावांनी कुणाला म्हणून कधी काटा मारला नाही,” हत्तीभाऊ सोंड झटकत म्हणाले.

कंटकराव धापा टाकत होते. “पण बाई... मघाशी तर तुम्ही म्हणालात...”

“मघाशी गाडी चालू होती,” कोल्हीणबाई म्हणाल्या.

जीप चढावर आली. एवढा आरडाओरडा चालू होता, की शलाकेने हळूच किल्ली कधी फिरवली, ते कुणाला ऐकूही गेलं नाही. धूर निघाला. सगळे खोकले. कंटकराव सगळ्यात जास्त खोकले. त्यांची शाल काळी झाली होती आणि ते हसत होते. त्यांना इतकं हसताना त्यांच्या बायकोनेही पाहिलं नसेल.

“साळिंदरराव,” ते म्हणाले, “तारीख काढा.”

शलाकेने मान खाली घातली. लाजून म्हणा, किंवा किल्ली नीट बसलीय का ते बघायला म्हणा.

परत जीपमध्ये बसायच्या आधी कंटकरावांनी मुंगूस मिस्त्रीला बाजूला घेतलं. आता कोल्हीणबाई तिथे नव्हत्या. पण ऐकलं त्यांनी.

“मिस्त्री, आमच्या गाडीत असा काही बिघाड बसवून मिळेल?”

“नवी गाडी आहे हो तुमची. त्यात किती कॉम्प्युटर! कशाला नासवता?”

“तरी बघा ना,” कंटकराव म्हणाले. “आमच्या शेजारी कोण राहतं, ते तरी कळेल.”

तात्पर्य : मुलांनो, घरातल्या सगळ्याच वस्तू नीट चालू ठेवू नयेत. शेजाऱ्यांच्या हाताला काही काम उरलं नाही, की ते तोंडाने काम करायला घेतात.