नऊ वर्षांची गाय

अपडेट आला की आमच्या शेजारचा गिरदावर त्या दिवशी जेवत नाही. सुतक पडल्यासारखा बसून राहतो.

गुडीहत्नूरात सगळे त्याला गिरदावरच म्हणतात. महसुलातली नोकरी सरली, हुद्दा चिकटून राहिला. जन्मभर लोकांची शेतं तपासली, आता कॉम्प्युटरवरच्या खेळात शेती करतो. तीही लबाडीनं. त्या खेळातली गाय दिवसाला एका वर्षानं वाढते, वीस झाली की मरते. यानं एक चोरटं सॉफ्टवेअर आणलं. मेमरीत गाईचं वय जिथं लिहिलेलं असतं, ती जागा ते दाखवतं. हा रोज सकाळी तिथं नऊ टाकतो.

मी म्हणालो, नोकरीत कधी खाडाखोड केली नाही म्हणतोस, अन् म्हातारपणी गाईच्या वयात करतोस? तो म्हणाला, "मौका पाहा, भाऊ." भांडण कशाचंही असो, त्याचं हेच. जागेवर येऊन पाहा, मग बोला. मी कधी गेलो नाही. माझी बायको शेवंता मात्र जिवंत होती तोवर त्याला भाजी द्यायला जायची अन् तासभर लावायची. आली की मी बोलायचो.

ती गेली. पुढं मोठा अपडेट आला. तो घेतल्याबिगर खेळ उघडेना, अन् घेतला तर गाईच्या वयाची जागा सापडेना.

"शेत तेच हाय, सर्वे नंबर बदलून टाकले," गिरदावर म्हणाला. "जुन्या नंबरावर नऊ टाकला, तर कोंबड्या मेल्या."

मला हसू आलं. शेवंता गेल्यावर पहिल्यांदा आलं, म्हणून त्या हसण्याचाच राग आला.

गाय अठराची झाली तेव्हा तो दारात आला. "आकडे वाचायला बसा, भाऊ. मले दिसून नाही राह्यलं." आकडे तेवढे मला येतात. गेलो.

मेमरीत अठरा शोधलं, तर हजारो अठरा निघाले. दुसऱ्या दिवशी त्यातले एकोणीस झालेले शोधले. दोनच उरले. एकात नऊ टाकला, विहीर आटली. दुसऱ्यात टाकला, तशी गाय उभी राहून शेपटी हलवायला लागली.

मी विचारलं, "नऊच काऊन?"

तो पडद्याकडंच पाहत राहिला. "वयनी शेवटच्या आल्या तवा नऊची होती. चारा त्याच टाकत. नावबी त्याहिनंच ठेवलं, चांदी."

चांदी आमच्या गोठ्यातली गाय. मी विकली होती.

आता सकाळी भाजी घेऊन मी जातो. नऊ तो टाकतो, चारा मी. तासभर लागतो. घरी आल्यावर बोलायला कोणी नाही.