कांता साळूचा कायमचा खेळ

एका जंगलात, जिथे वाघसुद्धा पासवर्ड विसरायचा आणि नवा मिळावा म्हणून इतरांसारखाच रांगेत उभा राहायचा, तिथे कांता नावाची एक साळू राहत होती.

मुलांनो, साळू म्हणजे पाठभर काटे असलेला प्राणी. कांताच्या पाठीवरही काटे होते, पण स्वभाव लोण्यासारखा होता. नाद एकच. व्हिडिओ गेम.

त्या काळी खेळ तबकडीवर मिळायचे. खोक्याच्या तोंडात तबकडी सारायची की पडद्यावर खेळ सुरू. कांताचे शेजारी होते नकुलराव मुंगूस. दोघांनी छान सोय लावली होती. एक खेळ कांतानं घ्यायचा, दुसरा नकुलरावांनी. आपला खेळून झाला की शेजारी द्यायचा. दोघांनाही कंटाळा आला की ती तबकडी उंबराखालच्या बाजारात जायची. तिथे खारी, ससे, तरस, सगळे घासाघीस करून जुन्या तबकड्या घ्यायचे. एक तबकडी तर इतकी फिरली होती की तिच्यावर सात जणांच्या दातांच्या खुणा होत्या.

फक्त कांताच्या काट्यांनी तबकड्यांवर चरे पडायचे. नकुलराव कुरकुरायचे, "अहो कांताबाई, ही तबकडी आहे की खवणी?" कांताला फार लाज वाटायची.

एके दिवशी तळ्याकाठी 'आभाळखेळ मंडळी'चं दुकान उघडलं. दुकानात बकेश्वरपंत बगळे बसले होते. म्हणजे उभे होते. एका पायावर, डोळे मिटून.

"कांताबाई," पंत हळूच म्हणाले, "तबकड्यांचे दिवस गेले. आता खेळ आभाळात राहतात. चरा पडत नाही, हरवत नाहीत, उंदीर कुरतडत नाहीत. एकदा घेतला की कायमचा तुमचा."

"कायमचा?"

"बटणावरच लिहिलंय. बघा ना."

बटणावर खरंच लिहिलं होतं, 'कायमचा विकत घ्या'. त्याखाली अटी होत्या. अजगरासारख्या लांब आणि अजगरासारख्याच सुस्त. तिसऱ्या अटीपाशी कांताला जांभई आली. तिनं 'मान्य आहे'वर पंजा ठेवला. सगळ्या जुन्या तबकड्या देऊन नवं खोकं घेतलं. त्याला तोंडच नव्हतं. वर पाटीभर कंद देऊन 'वारुळाची राणी' नावाचा खेळ घेतला.

खेळ मोठा सुरेख होता. एका मुंगीनं चिमूटभर मातीपासून वारूळ उभारायचं, आणि पुरापासून, सरड्यांपासून ते राखायचं. कांता तहानभूक विसरली.

तेवढ्यात नकुलरावांवर दरड कोसळली. खरीखुरी दरड. मागचा पाय मोडला. वैद्य घोरपडबाईंनी पाल्याचा लेप लावला आणि बजावलं, "तीन महिने बिळातून हलायचं नाही."

मुंगसाला हलू नको म्हणणं म्हणजे वाऱ्याला खाली बस म्हणणं. चार दिवसांत नकुलराव जेवेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कांतानं आवडीचं अंडं नेलं, तरी त्यांनी वळून बघितलं नाही.

"मी तुम्हाला 'वारुळाची राणी' आणून देते," कांता म्हणाली.

तेव्हा कुठे त्यांचा एक कान हलला.

पण आणायचं काय? हातात घ्यायला तबकडीच नव्हती. कांता तडक तळ्याकाठी गेली.

"पंत, माझा खेळ शेजाऱ्यांना थोडे दिवस द्यायचाय."

"देता येत नाही."

"का? माझा आहे ना तो?"

"तुमचाच आहे. म्हणून तर दुसऱ्याला देता येत नाही."

"बरं, मग त्यांना विकून टाकते."

पंतांनी एक डोळा उघडला. "विकत घेतलेली वस्तू विकता येते, कांताबाई. तुम्ही खेळ विकत घेतलेला नाही. खेळायची परवानगी घेतली आहे. अट एकशे बेचाळीस."

"मग बटणावर 'विकत घ्या' कशाला लिहिलंत?"

"'परवानगी घ्या' लिहिलं असतं तर तुम्ही पाटीभर कंद दिले असते का?" असं म्हणून पंतांनी तो डोळाही मिटला.

कांताचे काटे सरसरून उभे राहिले. पण बगळ्याला काटे टोचून मुंगसाचा पाय थोडाच बरा होणार होता? ती घरी गेली. खोकं पाठीवर घेतलं आणि नकुलरावांच्या बिळात नेऊन ठेवलं.

नकुलरावांनी बटणाला हात लावला. खोकं ओरडलं, "हा पंजा ओळखीचा नाही!" मग कांता खेळायला बसली आणि नकुलराव बघायला लागले. खोकं पुन्हा ओरडलं, "दुसरे डोळे दिसले! पडदा बंद!"

कांताला रडू फुटायचंच बाकी होतं. तिनं पडदा आपल्याकडे फिरवला आणि दिसेल ते मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.

"पाणी चढतंय. डावीकडे सरडा बसलाय."

"मग डावीकडे जाऊ नका!" नकुलराव पडल्या पडल्या ओरडले. "मागचं दार उघडा! पिलांना आधी काढा!"

दोघांनी खोक्याकडे बघितलं. खोकं गप्प. बोलण्याबद्दल अटींत काही नव्हतं.

त्या दिवशी नकुलरावांनी दोन अंडी खाल्ली.

रोज दुपारी असा खेळ चालू लागला. कांता सांगायची, नकुलराव हुकूम सोडायचे. एके दिवशी मोठा पूर आला. राणी वारुळाच्या टोकावर अडकली. पाणी तिच्या पायांना लागलं. आणि पडदा पांढराफटक झाला. त्यावर लिहून आलं, 'आमचा या खेळाशी असलेला करार संपला आहे. आपल्या कायमच्या सोबतीबद्दल आभार.'

"काय झालं?" नकुलराव कोपरावर उठले. "राणी बुडाली का?"

कांतानं पांढऱ्या पडद्याकडे बघितलं. मग नकुलरावांच्या तोंडाकडे बघितलं.

"छे," ती म्हणाली. "पिंपळाचं पान वाहत आलं. राणी त्यावर चढली."

जन्मात तिनं कधी गोष्ट सांगितली नव्हती. पण पान पुढे निघालं, तशी तीही निघाली. पान धबधब्यापाशी गेलं, खेकड्यांच्या गावात अडकलं. कांता घाबरत घाबरत एकेक वाक्य जुळवत होती. आठवड्यानं नकुलराव म्हणाले, "कांताबाई, पडदा कधीचा पांढरा आहे. तुमच्या मागच्या भिंतीवर पांढरा उजेड पडतो, मला दिसतं. ते असू द्या. खेकड्यांनी राणीला सोडलं का, ते सांगा."

कांता हसली आणि खोकं बाजूला सारून नीट मांडी ठोकून बसली.

बिळाच्या तोंडाशी ससे जमू लागले. ते घरी जाऊन पोरांना गोष्ट सांगू लागले. पोपटानं ती पलीकडच्या रानात एका पेरूला विकली, आणि विकल्यावरही ती त्याच्याकडे उरलीच. तरसानं उसनी नेली. परत आणली, तेव्हा तिच्यात एक शूर तरस वाढलेला होता. कांतानं तोही ठेवून घेतला.

बकेश्वरपंतही येऊ लागले. बिळाबाहेर एका पायावर, डोळे मिटून, तीन दिवस उभे. "बिचारे विरघळले हो," ससे म्हणाले.

नकुलरावांचा पाय बरा झाला. ते काठी टेकत बाहेर पडले, तर तळ्याकाठी ही रांग! दुकानात नवा खेळ आला होता. नाव 'पानावरची राणी'. त्यात पूर होता, धबधबा होता, खेकड्यांचं गाव होतं. शूर तरससुद्धा होता. आणि रांगेत सर्वांत पुढे, डोक्यावर पाटी घेऊन, कांता.

"अहो कांताबाई!" नकुलराव ओरडले. "ही तर तुमचीच गोष्ट!"

"हो ना!" कांताचा चेहरा खुलला होता. "म्हणून तर घ्यावीशी वाटते. चित्रं बघा, किती छान!"

"आणि पुन्हा करार संपला म्हणजे?"

"नाही संपणार. पंतांनी शपथ घेतलीय. मागचा नुसता कायमचा होता. हा अगदी कायमचा आहे."

पंतांनी अटी पुढे केल्या. या वेळी एक अट जास्त होती, गोष्ट तोंडी सांगण्याबद्दलची. कांताला पहिल्याच अटीपाशी जांभई आली.

नकुलरावांनी कपाळावर हात मारून घेतला. मग काठी टेकत टेकत रांगेच्या शेवटी गेले. शेवटी त्यांनाही तो धबधबा डोळ्यांनी बघायचा होताच.

तात्पर्य: एकदा फसतो तो भोळा. दुसऱ्यांदा फसतो तो ग्राहक. तिसऱ्यांदा फसणाऱ्याला सवलत मिळते. म्हणून मुलांनो, शहाण्यानं पहिल्या दोन वेळा लवकर उरकून घ्याव्यात.