टॉवरवाल्या इंगोले ताई

इंगोले ताईंना नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नाही. त्या शेलूबाजारात आमच्या गल्लीत राहायला आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याला हे कळलं. उद्यापासून अर्धा लिटर, सकाळी सातला, असं त्यांनी त्याला सांगितलं. तो 'हो' म्हणाला आणि गाडीला किक मारली. ताईंनी त्याला थांबवलं. काय ऐकलं ते परत म्हणून दाखव म्हणाल्या. त्यानं म्हणून दाखवलं : एक लिटर, सहाला.

"पाह्यलं, भाऊ?" ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या. मी कंपाउंडच्या अलीकडे दात घासत उभा होतो. आमची ओळख झाली ती अशी.

ताई मूळच्या रिठदच्या. शिकून विमानतळावरच्या टॉवरमध्ये लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत पायलट लोकांशी रेडिओवर बोलल्या. कोणी उतरायचं, कोणी कोणत्या उंचीवर राहायचं, हे त्या सांगायच्या आणि पायलटनं ते शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचं. लग्न केलं नाही. नोकरी संपल्यावर मोठं शहर सोडून इकडे आल्या. त्या 'टॉवरमध्ये होत्या' एवढंच गल्लीत पसरलं, आणि पहिले दोन महिने लोक मोबाइलला रेंज नाही म्हणून त्यांच्याकडे तक्रार घेऊन जात होते. ताई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी सांगायच्या की तो टॉवर वेगळा.

गल्लीत दोन सुरेश होते. एक दूधवाला, एक लाइनमन. हे ताईंना मुळीच पटलं नाही. सारख्या नावांनी घात होतो, असं त्यांचं ठाम मत. एकदा त्यांनी एका विमानाला खाली यायला सांगितलं, आणि उत्तर दिलं दुसऱ्याच विमानानं. दोघांचे नंबर जवळजवळ सारखे, शेवटचा आकडा तेवढा निराळा. शब्द बरोबर होते, पण आवाज वेगळा आहे हे ताईंच्या कानानं धरलं. त्यांनी दोघांनाही आहे त्याच उंचीवर ठेवलं आणि पुन्हा एकेकाचा नंबर घेऊन सांगितलं. आतले प्रवासी चहा पीत असतील, ताई म्हणाल्या, त्यांना काय माहीत. तेव्हापासून आमच्याकडे 'सुरेश दूध' आणि 'सुरेश लाइट' अशी नावं रूढ झाली. लाइनमनच्या बायकोनंही तेच नाव उचललं.

एका शब्दावर मात्र ताई हरल्या. आपण निघताना 'येतो' म्हणतो. माणूस चालला आहे आणि म्हणतो येतो, असा गोंधळ आकाशात झाला तर काय होईल, असं त्या विचारायच्या. जाणाऱ्यानं सरळ 'जातो' म्हणावं. समोरच्या तात्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "जातो म्हणायले मी काय मरून राह्यलो काय?" ताईंनी तो विषय सोडून दिला.

मी या सगळ्याला हसायचो. माझं कापडाचं दुकान आहे. दिवसभरात शंभर वेळा 'हो' म्हणतो आणि कोणाचं काही बिघडत नाही.

मग आईला साखर निघाली. वाशीमच्या डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, रिपोर्ट पाहिला, डोस बदलायचा आहे म्हणाले. बाहेर रस्त्यावर जीपवाला वाशीम, वाशीम ओरडत होता. मी आकडा ऐकला, 'हो, समजलं' म्हटलं आणि फोन ठेवला. इंजेक्शनच्या पेनवर आकडा फिरवायचा असतो. मी तो फिरवत होतो तेवढ्यात ताई आमची वाटी परत करायला आल्या.

किती, असं त्यांनी विचारलं. पन्नास, मी म्हणालो.

"डॉक्टर पन्नास म्हणाले?"

"फिफ्टी म्हणाले."

"तुमी परत म्हणून दाखवलं?"

ताईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि फोन लावायला सांगितला. डॉक्टरांना त्यांनी आकडे सुटे सुटे सांगायला लावले. मी कान लावून ऐकत होतो. "एक, पाच," डॉक्टर म्हणाले. "फिफ्टीन. पंधरा." मग त्यांनीच घाबरून विचारलं, किती दिलं?

अजून दिलं नव्हतं. ताईंनी पेन पंधरावर आणून माझ्या हातात दिलं. मी आईला इंजेक्शन दिलं. देऊन झाल्यावर पाहतो तर ताई खाली भिंतीला टेकून बसलेल्या. मी पाणी दिलं. तुम्ही होत्या म्हणून, असं काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी मान हलवली.

"माही माय रिठदले एकटी राहे," त्या म्हणाल्या. "फोनवर म्हणे, बरं हाय मले. आवाज बसला होता तिचा, मले ऐकू येत होता. पण ड्युटीची वेळ झाली होती. मी म्हटलं, ठीक आहे, आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला." मग म्हणाल्या, "पायलट असता तर पुन्हा विचारल्याबिगर सोडला नसता मी."

आई खाटेवरून सगळं ऐकत होती. तिनं पाय जवळ घेतले, जागा केली आणि म्हणाली, "खाली काहून बसली? इकडे ये, पोरी."

साठी उलटलेल्या इंगोले ताई उठल्या आणि आईजवळ जाऊन बसल्या. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी चहा ठेवायला आत गेलो, आणि उगाच बराच वेळ आतच थांबलो.

आता त्या रोज सकाळी आठला येतात. इंजेक्शनला दोन मिनिटं लागतात. ताई दहापर्यंत बसतात. आई त्यांना त्यांच्या मायबद्दल विचारते, दिसायला कशी होती, भाकर चुलीवर करायची का, रागवायची का. आणि ताई एकेक आठवून सांगत असतात.