चालत्या कोडला हात न लावणारा प्रमोद

प्रमोद चालत्या कोडला हात लावत नाही. नालवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत मी त्याच्या शेजारी बसतो, म्हणून सांगतो. एखादी गचाळ ओळ दिसली आणि मी बोट दाखवलं, की हा माझं बोटच बाजूला सारतो. "चालून राह्यलं ना? मंग काऊन छेडून राह्यला त्याले?"

बरं, आळशी म्हणावं तर स्वतःची मोटरसायकल दर रविवारी खोलून पुसतो. ऑफिसात मात्र सगळं रामभरोसे. एका दवाखान्यासाठी त्यानं पेशंट नोंदवायचं सॉफ्टवेअर लिहिलं. तपासायला दहा नावं टाकली, बहुतेक मावश्यांची. झकास पळालं. दवाखान्यात अख्ख्या जिल्ह्याचे पेशंट. एक नवा नोंदवायचा, तर ते आधी सगळ्या जुन्यांची हजेरी घेत बसायचं. मी म्हटलं, अबे, सुधार ना. म्हणे, "साहेबाले विचार."

विचारलं. साहेब म्हणाले, "ते गिऱ्हाइकाले दिसते का? बटन हिरवं करा, ते दिसते." प्रमोदनं बटण हिरवं केलं. मला दोघांचाही राग आला.

मग त्याची आई गुडघे दाखवायला गिरडहून आली. हा तिला घेऊन नेमका त्याच दवाखान्यात गेला. रांग दारापर्यंत. खिडकीवरची मुलगी हिरवं बटण दाबायची आणि हाताची घडी घालून बसायची. लोक वैतागलेले. आणि आई, उभ्याउभ्या गुडघा चोळत, मागच्या-पुढच्यांना सांगत होती, "हे माह्या पोरानं बनवलं."

"मी खांबामांगं जाऊन उभा राह्यलो बे," प्रमोद मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं आजारपणाची रजा टाकली आणि माझ्या घरी बसून तेच सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. ऑफिसचं काम करायला ऑफिसातून रजा. मी चहा देत होतो, टोमणेही देत होतो. त्यानं मान वर केली नाही. साहेबांना न सांगताच त्यानं ते दवाखान्यात बसवून टाकलं.

पुढच्या खेपेला मायलेक गेले, तर नाव सांगेपर्यंत चिठ्ठी हातात. आई हिरमुसली. "कोणाले सांगाचंच राह्यलं," म्हणे.

आता प्रमोद तिला मुद्दाम लवकर नेतो. बाकावर बायकांच्या मधोमध बसवतो, आणि तिचं सांगून झाल्याशिवाय खिडकीकडे जात नाही.