चिपची तीट

आमच्या गावात वीज वाटून देणाऱ्या चिपच्या वर्णनाचा कागद तान्ह्या बाळाच्या आईने वाचून मंजूर केल्याशिवाय चिप कामाला लागत नाही. नियम जुना आहे. किती द्यायचं, कुणाला आधी द्यायचं आणि कधी थांबायचं, हे त्या दिवसांत आईइतकं कुणाच्या डोक्यात नसतं, म्हणून हे काम तिच्याकडे. शिक्षणाची अट सातवी पास. मी तेवढीच शिकले आहे.

माझी मुलगी दिवस भरायच्या आधी झाली. आरोग्य उपकेंद्रातल्या ऊबपेटीची जुनी चिप नेमकी त्याच आठवड्यात निवृत्त झाली. तिला नारळ दिला, फोटो काढला, आणि पेटी थंड पडली. तेव्हापासून मी लेकीला छातीशी धरून बसले होते आणि सारखे तिचे तळवे चाचपत होते. ते गार लागले की पदर आणखी घट्ट गुंडाळायचे.

नवी चिप दाभाडे साहेब वाटीत घालून घेऊन आले. ते चिपचा ड्रायव्हर लिहितात, म्हणजे तिला हुकूम देणारा प्रोग्राम. ते म्हणाले, "ड्रायव्हरला डोळे नसतात, ताई. कागदावर आहे तेवढंच त्याला दिसतं. सावकाश वाचा."

नखाएवढी चिप वाटीतूनच म्हणाली, "घाई नाही. पण पेटीत कुणाला ठेवायचंय ते मी ऐकलंय."

मी वाचायला घेतलं. चिपचं नाव, बोर्डावरचा तिचा पत्ता, ती कुणाच्या हाताखाली, दिवा आणि तापमापकाला किती वीज द्यायची. सगळं ठीक होतं. तापणाऱ्या तारेच्या ओळीशी आले आणि मोठ्याने वाचलं, "जास्तीत जास्त तीन अँपिअर."

सासूबाई मागून खाकरल्या. "असं चारचौघांत बोलतात का गं? दृष्ट लागंल की त्या चिपला."

त्यांचं खरं होतं. आमच्याकडे लेकराचं बाळसं कुणी पुरतं सांगत नाही. खैरनार सिस्टरसुद्धा वजन आईच्या कानात सांगतात. मी तीन खोडलं, एक लिहिलं, बाजूला शेरा दिला: 'अशक्त आहे. जेमतेम एक.' खाली सही केली. आईचा शब्द शेवटचा, म्हणून साहेबांनी चिप तशीच पेटीत बसवली.

लेकीला आत ठेवलं. पेटी कोमट झाली आणि तिथंच थांबली. खैरनार सिस्टरनी बाळाच्या तळव्यांना हात लावला. "वनिता, ही गार पडतेय," त्या म्हणाल्या.

मी चिपला विचारलं, जरा जास्त सोडता येणार नाही का.

"अंगात तीनची ताकद आहे," चिप म्हणाली. "पण कागदावर मी अशक्त आहे. कागदाबाहेर मला जाता येत नाही."

दाभाडे साहेबांनी नियम सांगितला. मंजूर झालेला आकडा त्याच आईला बदलता येतो, पण सगळ्यांसमोर बोलून दाखवावा लागतो. मनात म्हटलं तर चालेल का, असं मी विचारलं. चालत नाही म्हणाले.

सासूबाईंनी उठून दार लावलं, खिडकीही लावली. मी काचेतून लेकीकडे बघितलं. तिचे ओठ फिके दिसत होते.

"तीन," मी म्हणाले. "हिची ताकद पुरी तीन आहे. चांगली धडधाकट आहे ही."

कागदावर तसं लिहून सही केली. तार लाल झाली. आम्ही सगळे पेटीभोवती उभे राहिलो. मग लेकीने पाय झाडला, तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. सिस्टरनी माझा हात धरून आत घातला. तळवे ऊन होते. मी तिथंच फरशीवर बसले. कितीतरी दिवसांनी पाठ भिंतीला टेकली.

"ताई," चिप म्हणाली, "माझं सगळ्यांसमोर बोललात. आता माझं काय?"

मागणी रास्त होती. सासूबाईंनी कनवटीची काजळाची डबी काढली. चिपच्या धातूच्या पायांना काजळ लागू देऊ नका, एवढंच साहेब म्हणाले. तीट लावून झाल्यावर साहेबांनी कागदात ओळ वाढवली: 'पाठीवर उजव्या कोपऱ्यात काळा ठिपका. पुसू नये.' मी वाचून मंजूर केली.

संध्याकाळी सिस्टरनी लेकीचं वजन केलं आणि नेहमीसारख्या माझ्या कानाशी वाकल्या.

"मोठ्याने सांगा," मी म्हणाले.

सासूबाईंनी डबी अजून मिटली नव्हती.